विरुंगा पर्वतांतील गोरिला : एका परिचयाचा इतिहास

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचे एक जुने विद्यार्थी आफ्रिकेंतील युगांडा देशाचा प्रवास आटोपून आम्हांस भेटावयास आले, तेव्हां त्यांनीं आपल्याबरोबर एक छायाचित्र आणिलें होतें. चित्रांत डोंगराच्या उतारावरील दाट झाडोरा आहे. त्या झाडोऱ्यांत पाठीवर रुपेरी केंस असलेला एक प्रचंड गोरिला नर हातांत हिरवा देंठ धरून बसला आहे, आणि त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर आमचे हे विद्यार्थी उभे आहेत. मध्यें गज नाहींत, खंदक नाहीं, कांच नाहीं. गोरिलाचें लक्ष आमच्या विद्यार्थ्यांकडे मुळींच नाहीं; तें त्या देंठाकडे आहे. घरांतील मंडळींनीं चित्र हातोहात फिरविलें. कोणी त्या धिप्पाड देहाचें कौतुक केलें, कोणी प्रवासाचा खर्च ऐकून कपाळाला हात लाविला. आमच्या नऊ वर्षांच्या पुतणीनें मात्र एक साधा प्रश्न केला. "काका, हा त्यांच्या अंगावर कां धांवला नाहीं? आणि धांवला नाहीं, तर मग पळून तरी कां गेला नाहीं?"

आमच्या विद्यार्थ्यांनीं उत्तर दिलें, "त्याला माणसांची संवय झाली आहे." उत्तर खरें होतें, पण पुरें नव्हतें. रानांतील श्वापदाला माणसाची संवय आपोआप होत नाहीं. ती कोणीं लाविली, कशी लाविली, कोणत्या हेतूनें लाविली आणि तिची किंमत कोणीं दिली, हे प्रश्न प्राणिशास्त्राइतकेच इतिहासाचेहि आहेत. आम्ही इतिहासाचे अध्यापक; त्यामुळें त्या मुलीच्या प्रश्नाचा धागा हातीं धरून आम्हीं जें कांहीं वाचलें व जुळविलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. जनावर 'माणसाळलें' असें आपण म्हणतों, तेव्हां तें माणसाच्या हातचें खाऊं लागलें, त्याच्या दाराशीं येऊं लागलें, असा अर्थ होतो. विरुंगाचा गोरिला या अर्थानें माणसाळलेला नाहीं. तो माणसाच्या हातचें कांहीं घेत नाहीं, आणि त्याला कोणीं कांहीं देऊं नये असा नियमहि आहे. तो आपल्या रानांत, आपल्या कुटुंबांत, आपल्या चालीनें राहतो. त्यानें फक्त एक गोष्ट सोडिली आहे. ती म्हणजे माणूस दिसतांच पळून जाण्याची किंवा अंगावर येण्याची. त्याला 'सरावलेला' म्हणणें अधिक बरोबर होईल. माणसाळण्यांत जनावर माणसाच्या आश्रयास येतें. सरावण्यांत तें माणसाला केवळ आपल्या वाटेच्या कडेस बसूं देतें. उपकार कोणाचे कोणावर, हें या भेदावरून ध्यानांत येईल.

'गोरिला' हें नांव फार जुनें आहे. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत कार्थेजचा हॅनो नांवाचा नाविक आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यानें गेला. त्याच्या वृत्तांतांत अंगभर केंस असलेल्या रानटी स्त्रियांचा उल्लेख आहे. दुभाष्यांनीं त्यांस 'गोरिलाई' म्हटलें. हॅनोच्या लोकांनीं तिघींना पकडलें, त्या चावूं-ओरबाडूं लागल्या म्हणून ठार मारलें, आणि त्यांचीं कातडीं कार्थेजला नेलीं. तीं माणसें होतीं कीं वानरें, याचा निर्णय आतां होणें नाहीं. परंतु त्या भेटीचा शेवट कातडीं सोलण्यांत झाला, एवढें वृत्तांत सांगतो. पुढें १८४७ सालीं टॉमस सॅव्हेज या अमेरिकन मिशनऱ्यानें गॅबनकडे मिळालेल्या हाडांवरून या वानराचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यानें हेंच जुनें नांव उचललें. १८६१ सालीं पॉल द्यू शायू या प्रवाशानें आपलें पुस्तक छापिलें, आणि छाती बडवीत चाल करून येणारा राक्षस युरोपांतील घराघरांत पोहोंचला. शिकाऱ्याचें शौर्य शिकारीच्या क्रौर्यावर अवलंबून असतें. वाघ जितका भयंकर, तितका त्याला मारणारा मोठा. त्यामुळें द्यू शायूच्या राक्षसाला दीर्घायुष्य लाभलें.

हे सर्व पश्चिमेकडील सखल अरण्यांतले गोरिला. पर्वतीय गोरिला युरोपियनांच्या बंदुकीसमोर आला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं. मध्य आफ्रिकेंत आज जेथें काँगो, रवांडा व युगांडा या तीन देशांच्या सीमा मिळतात, तेथें विरुंगा नांवाची आठ ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे. त्यांपैकीं दोन अद्याप जागृत आहेत. बाकीचे सहा निद्रिस्त असून त्यांच्या अंगाखांद्यांवर बांबूचीं बनें, शेवाळानें लगडलेले वृक्ष आणि थंड धुकें असतें. त्यांतील सर्वांत उंच करिसिंबी सुमारें ४,५०० मीटर उंचीचा आहे. १९०२ च्या ऑक्टोबर महिन्यांत जर्मन पूर्व आफ्रिकेंतील एक लष्करी अधिकारी, कॅप्टन रॉबर्ट फॉन बेरिंगे, हे साबिन्यो पर्वत चढत असतां त्यांस वरच्या अंगास मोठीं काळीं वानरें दिसलीं. त्यांनीं गोळ्या झाडून दोन पाडलीं. एकाचें प्रेत दरींतून वर काढतां आलें. वाटेंत तरसानें कातडें व एक हात पळविला, तरी उरलेला सांगाडा बर्लिनच्या संग्रहालयास पोहोंचला, आणि १९०३ सालीं पॉल माट्शी या प्राणिशास्त्रज्ञानें या नव्या जातीला तिच्या मारणाऱ्याचेंच नांव दिलें. आजहि शास्त्राच्या दप्तरीं पूर्वेकडील गोरिला 'बेरिंगेई' म्हणूनच नोंदलेला आहे. ज्या डोंगरी लोकांना हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, त्यांचें नांव त्यास लागलें नाहीं.

पुढील वीस-बावीस वर्षांत संग्रहालयांची मागणी वाढली आणि शिकाऱ्यांची रीघ लागली. स्वीडनचे राजपुत्र विल्हेल्म यांच्या १९२१ च्या मोहिमेंत एकंदर १४ गोरिला मारले गेले. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संस्थेसाठीं कार्ल एकली हे बेल्जियन काँगोंत उतरले. मेलेलें जनावर पेंढा भरून जिवंतासारखें उभें करण्याच्या कलेंत त्या काळीं त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनींहि पांच गोरिला मिळविले. परंतु एकली यांच्या डोक्यांत असलेला द्यू शायूचा राक्षस त्याच डोंगरउतारावर गळून पडला. मारलेल्या प्राण्याच्या शांत मुद्रेकडे पाहतांना आपण खुनी आहों ही भावना दाबून टाकण्यास आपला सारा शास्त्रीय उत्साह खर्चीं पडला, अशा आशयाची कबुली त्यांनीं पुढें आपल्या पुस्तकांत दिली आहे. स्वतः तयार केलेल्या चलच्चित्रयंत्रानें त्यांनीं रानांतील जिवंत गोरिलांचीं चित्रेंहि घेतलीं. एकाच मोहिमेंत, एकाच माणसाच्या एका हातीं बंदूक व दुसऱ्या हातीं कॅमेरा होता. आणि परततांना बंदुकीची त्याला लाज वाटूं लागली होती.

ही लाज फुकट गेली नाहीं. एकली यांनीं बेल्जियमचे राजे पहिले आल्बर्ट यांच्याकडे आग्रह धरिला, आणि एप्रिल १९२५ मध्यें आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. आफ्रिका खंडांतील हें पहिलें राष्ट्रीय उद्यान मानलें जातें. पुढच्याच वर्षीं एकली पुन्हां तेथें गेले, वाटेंत आजारी पडले, आणि १७ नोव्हेंबर १९२६ रोजीं मिकेनो पर्वतावर त्यांचा अंत झाला. काबारा नांवाच्या डोंगरी कुरणांत त्यांस पुरण्यांत आलें. त्यांनीं मारलेले गोरिला न्यूयॉर्कमध्यें कांचेआड उभे आहेत, आणि ते स्वतः गोरिलांच्या रानांत मातीआड निजले आहेत.

हें अभय झालें कायद्याचें. परंतु कायदा माणसांच्या भाषेंत लिहिलेला असतो. गोरिलाला तो वाचून दाखवावा कोणीं? माणूस म्हणजे मृत्यु, एवढेंच त्याला ठाऊक होतें. तें ज्ञान पुसून टाकण्याचें काम १९५९-६० मध्यें जॉर्ज शॅलर या तरुण प्राणिशास्त्रज्ञानें आरंभिलें. शॅलर पत्नीसह काबारा येथील झोपडींत, एकलींच्या थडग्याच्या शेजारीं राहिले. पाहणाऱ्यानें लपून पाहावें, ही शिकाऱ्यांपासून चालत आलेली रीत. शॅलर यांनीं ती बहुतेक सोडून दिली. ते बहुधा एकटे व निःशस्त्र जात, गोरिलांस दिसेल अशा उघड्या जागीं बसत, टक लावून पाहण्याचें टाळीत, आणि कळप अस्वस्थ झाला तर त्याचा पिच्छा पुरवीत नसत. लपून बसणारा माणूस शिकारी असतो. उघड्यावर बसणारा माणूस शेजारी असूं शकतो. हें तर्कशास्त्र गोरिलांना उमगलें. १९६३ सालीं शॅलर यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि राक्षसाच्या जागीं पाला-देंठ खाणारा, कुटुंबवत्सल, सहसा शांत असा प्राणी विद्वानांच्या जगांत दाखल झाला.

शॅलर यांनीं दार किलकिलें केलें. तें सताड उघडलें डायन फॉसी यांनीं. या अमेरिकन बाई मूळच्या शास्त्रज्ञ नव्हत. त्या अपंग मुलांच्या रुग्णालयांत व्यवसायोपचाराचें काम करीत. १९६३ सालीं कर्ज काढून त्यांनीं आफ्रिकेची पहिली यात्रा केली, आणि लुई लीकी यांच्या प्रोत्साहनानें १९६७ च्या आरंभीं काबारा येथें अभ्यासास बसल्या. सहा महिन्यांतच काँगोंतील बंडाळीमुळें त्यांना तेथून निघावें लागलें. तेव्हां त्यांनीं सीमेच्या पलीकडे, रवांडाच्या बाजूस, करिसिंबी व व्हिसोके या दोन पर्वतांच्या मधल्या खिंडींत २४ सप्टेंबर १९६७ रोजीं तंबू ठोकला आणि दोन्हीं नांवांचा सांधा करून त्या ठाण्यास 'करिसोके' म्हटलें. तेथें त्यांनीं जें केलें तें बाहेरून पाहणाऱ्यास वेडेपणाचें वाटावें. त्या हातांच्या मुठी टेकून, वांकून चालत, रानसेलरीचे देंठ चघळीत, अंग खाजवीत, आणि पोटभर खात असलेल्या गोरिलाच्या घशांतून जो ढेंकरासारखा समाधानाचा आवाज निघतो, त्याची हुबेहुब नक्कल करीत. पाहुण्यानें यजमानाच्या घरची रीत शिकावी, तसा हा प्रकार. १९७० सालीं 'पीनट्स' असें नांव ठेवलेल्या एका तरुण नरानें आपण होऊन हात पुढें केला आणि बाईंच्या बोटांना स्पर्श केला. हॅनोपासून मोजलें तर दोन हजारांहून अधिक वर्षें झालीं होतीं.

येथें एका माणसाची आठवण केलीच पाहिजे. काँगोंतील उद्यानरक्षक सान्वेक्वे यानें काबारा येथें फॉसी यांना गोरिलाचा माग काढण्यास शिकविलें. त्यांनींच लिहून ठेविलें आहे कीं, हा सान्वेक्वे पोरवयांत एकलींसाठीं माग काढीत असे, आणि पुढें शॅलर यांच्यासाठींहि त्यानें तेंच काम केलें. एका आयुष्यांत त्यानें बंदूक, टिपणवही आणि रिकामा हात असे तिन्हीं प्रकारचे पाहुणे त्याच रानवाटेनें वर नेले. तुटलेला देंठ केव्हां तुटला, शेण किती ऊन आहे, पालवी कोणत्या दिशेस वांकली आहे, हें वाचणारे डोळे त्याचे होते. ग्रंथ दुसऱ्यांचे झाले. इतिहासाचा आमचा धंदाच असा आहे कीं, ज्याच्या नांवाचा कागद आहे त्याच्या पदरीं श्रेय पडतें. सान्वेक्वेचें नांव निदान उरलें. अशा कित्येकांचें तेवढेंहि उरलें नाहीं.

फॉसी यांच्या कळपांत 'डिजिट' नांवाचा एक नर होता. त्याच्या एका बोटाला दुखापत झालेली होती, म्हणून हें नांव. लहानपणापासून पाहिलेला हा प्राणी त्यांचा विशेष लोभाचा. ३१ डिसेंबर १९७७ रोजीं चोरटे शिकारी कुत्रीं व भाले घेऊन आले. डिजिट मागें राहून त्यांच्याशीं झुंजला. कळपांतील बाकीचे निसटले. त्याचें प्रेत सांपडलें तेव्हां त्यास शिर व हात नव्हते. डिजिट सरावलेला होता म्हणून मेला असें म्हणणें बरोबर नाहीं. न सरावलेला रुपेरी पाठीचा नरहि आपल्या कुटुंबासाठीं असाच उभा राहतो. तरी एक शंका मनांतून जात नाहीं. एका माणसानें गोरिलाला सांगितलें, भिऊं नकोस. तें सांगण्याचा अधिकार त्याला सर्व माणसांच्या वतीनें होता काय? अभय देणारा एक असतो. भाला घेऊन येणारा दुसराच असतो. आणि गोरिलाला या दोघांतील भेद वासावरून सांगतां यावा अशी कोणतीहि युक्ति शास्त्रांत नाहीं. फॉसी यांनीं पुढें चोरट्या शिकाऱ्यांविरुद्ध जो कठोर मार्ग धरिला, त्यानें त्यांस शत्रु पुष्कळ झाले. १९८५ च्या डिसेंबरांत करिसोके येथील त्यांच्या झोपडींत त्यांचा खून झाला. त्यांचें थडगें डिजिटच्या शेजारीं आहे.

परंतु भाल्याहून मोठें संकट नांगराचें होतें. विरुंगाच्या पायथ्याची जमीन अत्यंत सुपीक, आणि तेथील शेतकऱ्याच्या वांट्यास ती येते गुंठ्यांच्या हिशेबानें. १९६०-७० या दशकाच्या अखेरीस रवांडाच्या बाजूकडील उद्यानांतून सुमारें १०,००० हेक्टर जमीन कीटकनाशकासाठीं लागणाऱ्या पायरेथ्रम फुलांच्या लागवडीस काढून देण्यांत आली. १९७९ च्या सुमारास आणखी ५,००० हेक्टर गुरांसाठीं घेण्याची योजना पुढें आली. त्या वेळीं ॲमी व्हेडर व बिल वेबर या तरुण दांपत्यानें एक वेगळा हिशेब मांडला. सरकारला जमिनीपासून उत्पन्न हवें असेल, तर तें गोरिलाहि देऊं शकेल. कांहीं कळपांस सराव लावावा, थोडे पाहुणे थोडा वेळ न्यावे, आणि त्यांच्याकडून भरपूर दाम घ्यावा. फॉसी यांना ही कल्पना मुळींच रुचली नाहीं. त्यांच्या मतें हा विश्वासाचा विक्रय होता. दोन्ही पक्ष गोरिलाचेच हितचिंतक होते. म्हणून हा वाद आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. शेवटीं व्हेडर-वेबर यांचा पक्ष सरस ठरला, आणि गुरांची योजना मागें पडली. गोरिला वांचला तो लोकांना त्याची दया आली म्हणून नव्हे, तर त्यानें आपलें भाडें भरलें म्हणून. हें वाक्य लिहितांना आम्हांस आनंद होत नाहीं; परंतु तें खरें आहे.

सराव लावण्याची रीत आतां ठरून गेली आहे. माग काढणारे लोक नित्य एकाच कळपाकडे जातात. पहिले कित्येक महिने कळप पळतो. मग नर गर्जना करून चाल करून येतो, तेव्हां न पळतां, खालीं बसून, नजर खालीं घालून तें सोसावें लागतें. मग कळप कुतूहलानें पाहूं लागतो. आणि शेवटीं पाहीनासा होतो. तें पाहीनासें होणें हेंच यश. याला दोन-दोन वर्षें, कधीं अधिकहि लागतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं सांगितलेली पाहुण्यांची रीत अशी. पहांटे मागकरी कळपाच्या कालच्या रात्रीच्या घरट्यांपाशीं जातात, कारण गोरिला रोज रात्रीं नवें घरटें करून निजतो. तेथून ताजा माग धरून कळप गांठतात व खालीं कळवितात. आठांहून अधिक पाहुणे एका कळपाकडे जात नाहींत, आणि एका कळपास दिवसांतून एकच तुकडी भेटते. चढण तासाची असेल, सहा तासांची असेल; चिखल, खाजकुइलीसारखीं पानें व वेलींचे फांस यांतून वाट काढावी लागते. कळप दिसला कीं घड्याळ लाविलें जातें. बरोबर एक तास. पंधरा वर्षांखालील मुलांस व सर्दी-खोकला झालेल्यांस प्रवेश नाहीं. अंतर पूर्वीं सात मीटर होतें. २०२० च्या साथीनंतर तें दहा मीटर झालें व तोंडास फडकें बांधणें आवश्यक झालें. माणसाचें पडसें गोरिलाला होतें, आणि आपल्यास जें पडसें त्याला तें मरण ठरूं शकतें. रक्ताचें नातें जवळचें असल्याचा हा तोटा. म्हणूनच १९८६ पासून या डोंगरांत गोरिलांसाठीं पशुवैद्य ठेवण्यांत आले आहेत.

युगांडांत ब्विंडी नांवाचें दुसरें अरण्य आहे. विरुंगा व ब्विंडी यांच्यामध्यें पंचवीस-तीस किलोमीटर शेतीच शेती आहे, आणि जगांतील सर्व पर्वतीय गोरिला या दोन बेटांवरच राहतात. कोणत्याहि प्राणिसंग्रहालयांत एकहि नाहीं. ब्विंडी १९९१ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें व १९९३ पासून तेथें पाहुणे जाऊं लागले. परंतु त्या १९९१ च्या निर्णयाची एक बाजू पाहुण्यांच्या पत्रकांत ठळक अक्षरांत नसते. त्या रानांत बाट्वा नांवाचे लोक मध, कंद व लहान शिकारीवर पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. त्यांस रानाबाहेर काढण्यांत आलें. बहुतेकांस त्याबद्दल जमीन मिळाली नाहीं, आणि ज्यांनीं शेती कधीं केली नाहीं ते दुसऱ्यांच्या शेताच्या बांधावर मजूर झाले. गोरिलाला अभय मिळालें त्याच दिवशीं त्याचा जुना शेजारी निराधार झाला. उद्यानांच्या उत्पन्नाचा कांहीं भाग आसपासच्या गांवांस देण्याची प्रथा पुढें पडली. रवांडानें २००५ सालीं ५ टक्के देण्यास आरंभ केला व २०१७ सालीं तो भाग १० टक्के केला. त्याच वर्षीं तेथील एका तासाच्या परवान्याची किंमत ७५० डॉलरांवरून १,५०० डॉलर झाली. हें योग्यच झालें. परंतु शाळेची इमारत किंवा पाण्याचा नळ हें हरवलेल्या रानाचें उत्तर होऊं शकतें, असें आम्हांस वाटत नाहीं.

या डोंगरांभोंवतीं माणसांनीं माणसांचें जें केलें, तें गोरिलांच्या कथेपेक्षां शतपट भयंकर आहे. १९९४ सालीं रवांडांत शंभर दिवसांत सुमारें आठ लाख माणसें कापलीं गेलीं. लाखों निर्वासित काँगोच्या बाजूस विरुंगाच्या पायथ्याशीं येऊन पडले आणि चुलीसाठीं रान तोडूं लागले. करिसोकेचें ठाणें लुटलें गेलें. १ मार्च १९९९ रोजीं हत्याकांडानंतर पळालेल्या बंडखोरांनीं ब्विंडी येथील मुक्कामावर छापा घालून आठ परदेशी पाहुण्यांना व एका युगांडी अधिकाऱ्याला ठार केलें. २००७ च्या जुलैंत काँगोमध्यें रुगेंडो कळपाचा मुख्य नर सेन्क्वेक्वे व त्याच्याबरोबर कांहीं माद्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. त्यांचें मांस कोणीं नेलें नाहीं, हात कोणीं तोडले नाहींत. संशय गेला तो जंगल जाळून कोळसा करणाऱ्यांच्या व्यापारावर. गांवकऱ्यांनीं तीं प्रेतें बांबूच्या ताटीवर बांधून खांद्यावरून खालीं आणिलीं. आणि या सर्व काळांत विरुंगा उद्यानाचे दोनशेंहून अधिक रक्षक आपल्या कामावर असतां मारले गेले आहेत. आमच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांत तो गोरिला इतका स्वस्थ बसला आहे, त्या स्वस्थतेच्या पाठीशीं हीं माणसें आहेत.

आतां जमेची बाजू. १९८१ च्या मोजणींत विरुंगामध्यें अवघे सुमारें २५० गोरिला उरले होते. २००३ सालीं ते ३८० झाले, २०१० सालीं ४८०, आणि २०१५-१६ च्या मोजणींत ६०४ भरले. ब्विंडीकडील २०१८ ची संख्या ४५९ मिळवितां एकूण १,०६३ होतात. आमच्या महाविद्यालयाच्या पटावर यापेक्षां अधिक विद्यार्थी आहेत. तरी माणसाचे एवढे जवळचे नातेवाईक असलेल्या महावानरांपैकीं ज्यांची संख्या वाढत गेली असे हेच. त्यामुळें २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें त्यांस अत्यंत संकटग्रस्त या वर्गांतून एक पायरी वर काढिलें. याहून बोलकी गोष्ट २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आहे. विरुंगांतील चाळीस वर्षांचा हिशेब मांडतां असें दिसलें कीं, सरावलेले कळप दरसाल सुमारें ४ टक्क्यांनीं वाढत गेले. न सरावलेले किंचित घटत गेले. कारण उघड आहे. सरावलेल्या कळपाकडे रोज कोणीतरी जातें. फांसांत अडकलेला हात वेळीं सुटतो, आजारी पिलाला औषध मिळतें, चोरट्याला धाक राहतो. फॉसी यांची भीति खोटी नव्हती. पण हिशेब त्यांच्या विरुद्ध गेला.

तरी हा हिशेब एकदांच मांडून बंद करण्याजोगा नाहीं. २०२० सालीं साथीमुळें पाहुणे बंद झाले, आणि त्या वर्षीं जूनमध्यें ब्विंडींतील 'रफिकी' हा सुमारें पंचवीस वर्षांचा नर, एका सरावलेल्या कळपाचा नायक, भाल्यानें मारला गेला. पकडलेल्या इसमानें सांगितलें कीं, आपण लहान शिकारीस गेलों होतों, तो अंगावर आला म्हणून भाला घातला. त्यास अकरा वर्षांची शिक्षा झाली. स्वाहिली भाषेंत रफिकी म्हणजे मित्र.

आम्हांस स्वतः त्या डोंगरावर जाण्याचा योग येईल असें वाटत नाहीं. गुडघे नाहीं म्हणतात, आणि परवान्याची रक्कम अध्यापकाच्या पगाराकडे पाहून हंसते. पण विद्यार्थी निघावयास उठले तेव्हां आम्हीं त्यांस विचारलें, तास संपला तेव्हां काय झालें? ते म्हणाले, "तो नर उठला आणि आमच्याच दिशेनें चालूं लागला. वाट अरुंद होती. वाटाड्यानें आम्हांला हळूच झुडपांत मागें सरायला सांगितलें. आम्ही सरलों. तो आमच्याकडे न पाहतां जवळून निघून गेला, आणि त्याच्या मागून त्याचें कुटुंब गेलें."

पुतणी दारांत उभी राहून हें ऐकत होती. तिच्या प्रश्नाचें उरलेलें अर्धें उत्तर त्यांत होतें, तें आम्हीं तिला सांगितलें. त्या गोरिलाला माणसांची संवय झाली आहे खरी. पण त्याआधीं थोड्याशा माणसांनीं त्याच्या वाटेंतून बाजूस सरण्याची संवय लावून घेतली. पहिली संवय लागण्यास दोन वर्षें पुरतात. दुसरीला सव्वाशें वर्षें होत आलीं, आणि ती अजून सर्वांस लागलेली नाहीं.